लोकायुक्तांकडे जायचंय? आधी पोच दाखवा

सरकारी कार्यालयात माझी बरीचशी नोकरी आवक-जावकच्या टेबलावर गेली. निवृत्तीनंतर नाशिकच्या इंदिरानगरात शेजारपाजाऱ्यांना अर्ज लिहून देते. "ताई, साहेब दादच देत नाहीत, लोकायुक्तांकडे जाऊ का?" असं कुणी विचारलं की मी आधी पोच मागते. लोकायुक्त म्हणजे सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणारे राज्याचे स्वतंत्र अधिकारी.

हेलपाटे कितीही घातले तरी फायलीत त्यांची नोंद नसते. काम जिथे अडलंय तिथे लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र द्या, मग वरिष्ठांना अर्ज करा.

त्यानंतर लोकायुक्त. आपल्या राज्याचा हा कायदा १९७१ चा. त्यात गाऱ्हाणं आणि आरोप वेगळे धरलेत. दिरंगाईमुळे किंवा चुकीच्या निर्णयामुळे अन्याय झाला, ते गाऱ्हाणं. ते ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच मांडायचं, तेही गोष्ट कळल्यापासून १२ महिन्यांच्या आत. लाच, पदाचा गैरवापर हा आरोप. त्याला ३ वर्षांची मुदत आणि सोबत प्रतिज्ञापत्र. रागाच्या भरात लोक गाऱ्हाण्यात "पैसे खातात" असं घुसडतात. पुरावा नसेल तर ते वाक्य मी खोडायलाच लावते, कारण त्यामुळे मूळ मागणी बाजूला पडते.

सिडकोतल्या एका मावशींचं कुटुंब निवृत्तिवेतन अडलं होतं. नोकरीतल्या बदली-बढतीच्या तक्रारी लोकायुक्तांकडे चालत नाहीत, पण निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी), भविष्य निर्वाह निधी यांच्या चालतात. हे पुष्कळांना माहीतच नसतं, आणि हक्काचे पैसे तसेच पडून राहतात, याचं मला फार वाईट वाटतं. मावशींनी चार पानं लिहून आणली होती. आम्ही एक पान केलं: यजमान कोणत्या पदावरून निवृत्त झाले, कधी वारले, कोणत्या तारखेला कोणत्या आवक क्रमांकाने अर्ज दिला, काय उत्तर आलं. शेवटी एकच मागणी, निवृत्तिवेतन थकबाकीसह सुरू करावं. मागे पोचांच्या झेरॉक्स, तारखेच्या क्रमाने. मूळ कागद कधीही पाठवायचे नाहीत. लोकायुक्त कार्यालयाने खात्याकडे अहवाल मागवला आणि सेवापुस्तकातली राहिलेली नोंद झाली. पेन्शन सुरू झाली.

लोकायुक्त शिफारस करतात, न्यायालयासारखा हुकूम देत नाहीत. तरी ती शिफारस खात्याला गुंडाळून ठेवता येत नाही: गाऱ्हाण्याच्या बाबतीत ठरवून दिलेली मुदत संपल्यावर महिन्याभरात काय केलं ते कळवावं लागतं. समाधान झालं नाही तर प्रकरण राज्यपालांपर्यंत जातं. चौकशी खासगीत होते, तक्रारदाराचं नाव लोकांत किंवा वर्तमानपत्रात फोडत नाहीत, तेव्हा गावातल्या अधिकाऱ्याला घाबरून गप्प बसू नका.

रेल्वे, पोस्ट यांसारख्या केंद्राच्या खात्यांच्या तक्रारी इथे चालत नाहीत. कोर्टाच्या निकालावरही इथे दाद मागता येत नाही.

कार्यालय मुंबईत, मंत्रालयासमोर नवीन प्रशासकीय भवनात आहे. तक्रार टपालाने गेली तरी चालते, त्यासाठी पंचवटी एक्सप्रेस पकडायची गरज नाही. सुनावणीची नोटीस आली तर मात्र जा. म्हातारपणामुळे किंवा आजारपणामुळे जमत नसेल तर मुलाला किंवा सुनेला लेखी अधिकारपत्र द्या. आणि तिकडून प्रकरण क्रमांक आला की पुढच्या प्रत्येक पत्रावर तो सगळ्यात वर लिहा.