जोन्स, पण कुठले? वेल्समधलं घराणं असं शोधावं

आपल्याकडे ‘सांगोलकर’ म्हटलं की निदान सांगोल्यापर्यंत तरी पोचता येतं. वेल्समध्ये ‘जोन्स’ तुम्हाला कुठेच नेत नाही. व्याही वेल्सचे असतील आणि नातवंडांसाठी वंशावळ करायला बसला असाल, तर आडनावाच्या मागे लागू नका, गावाच्या मागे लागा.

याचं कारण तिथल्या आडनावांच्या घडणीत आहे. जोन्स म्हणजे जॉनचा, डेव्हिस म्हणजे डेव्हिडचा. पूर्वी तिथे आपल्यासारखंच स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव लावत, मध्ये ‘आप’ किंवा ‘आब’, म्हणजे ‘चा मुलगा’. आप ऱ्हीसचा पुढे प्राइस झाला, आप हौएलचा पॉवेल, आब ओवेनचा बोवेन. मुळात पुरुषांची नावंच मोजकी, त्यामुळे आडनावंही मोजकीच उरली. बेबसारखं विरळ आडनाव हाती लागलं तर नशीब समजा; ते थेट मध्य वेल्समधल्या माँटगमरीशायरकडे बोट दाखवतं.

सुरुवात घरातून करा. जुनी पत्रं, बायबलच्या पहिल्या पानावरच्या नोंदी, आणि विशेषतः शेताचं किंवा घराचं नाव. गावात दहा जॉन जोन्स असले तरी त्या शेतावरचा जॉन जोन्स बहुधा एकच असतो.

मग दाखले मागवा. नागरी नोंदणी 1 जुलै 1837 पासून सुरू झाली. जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव मिळतं, विवाहाच्या दाखल्यावर दोन्ही वडिलांची नावं आणि धंदे. इंग्लंड-वेल्सच्या नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाइन सूचीत आईच्या माहेरच्या आडनावानेही शोधता येतं. जोन्सांच्या गर्दीत ही सोय फार मोलाची.

खरा मालमसाला जनगणनेत आहे. 1841 च्या जनगणनेत जन्मगाव विचारलं नव्हतं, मुख्यतः ‘याच परगण्यात जन्म झाला का’ एवढंच विचारलं होतं. 1851 पासून जन्माचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावभाग, नोंदवला. हा रकाना सोडू नका, कारण माणसं हललेली असतात. दक्षिण वेल्समधल्या ऱ्हॉन्डा खोऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जेमतेम एक-दोन हजार वस्ती होती; कोळशाच्या खाणी आल्या आणि 1911 पर्यंत ती दीड लाखावर गेली. ही माणसं कार्डिगनशायरसारख्या शेतकरी भागांतून आली होती, तशी इंग्लंडातूनही. म्हणून ऱ्हॉन्डात आजोबा सापडले की तिथेच थांबू नका. उत्तरेकडचे लोक मात्र स्लेटच्या खाणींकडे आणि लिव्हरपूलला जात. 1891 च्या जनगणनेत वेल्समध्ये भाषाही विचारली. घरात फक्त वेल्श बोलत असतील तर कुटुंब कुठून आलं याचा अंदाज येतो.

गावाचं नाव नीट उतरवून घ्या. ल्लानविहांगेल, म्हणजे मायकेलचं देऊळ, या नावाची गावं वेल्समध्ये आपल्या वडगावांसारखी जागोजागी आहेत. पुढचा शब्द सुटला की भलत्याच गावात जाल.

1837 च्या मागे गेलात की चर्चची दप्तरं. कुटुंब बाप्टिस्ट असेल तर तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा शोधत बसू नका, त्यांच्यात तो मोठेपणी होतो. जुन्या चॅपेलच्या आवारातले थडग्यांचे दगडही पाहा. ‘एर कोव्ह आम’ म्हणजे ‘स्मरणार्थ’. त्याखाली नावाबरोबर पुष्कळदा शेताचं नावही कोरलेलं असतं.

आणि एका पिढीत आडनाव अचानक नाहीसं होईल, तेव्हा घाबरू नका. 1800 च्या आसपासचा डेव्हिड विल्यम्स घ्या. त्याचे वडील विल्यम इव्हान, आजोबा इव्हान टॉमस असू शकतात. खेड्यापाड्यांत, विशेषतः वायव्येला, स्थिर आडनावं फार उशिरा रुजली. इथे ‘विल्यम्स’ शोधून काही हाती लागणार नाही, ‘विल्यमचा मुलगा डेव्हिड’ शोधा. शिवाय त्या काळात बाई लग्नानंतरही स्वतःच्या वडिलांचंच नाव लावायची. ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 1858 पूर्वीची मृत्युपत्रं फुकट ऑनलाइन ठेवली आहेत. त्यांत एखाद्या विधवेचं नाव नवऱ्याच्या नावाशी जुळलं नाही, तर ती चूक नव्हे. तिच्या वडिलांचं नाव तुम्हाला आयतंच मिळालं.