स्टँडवरच्या इंजिनाचा एक्झॉस्ट शांत कसा करायचा: ड्रम, वाळू आणि लेव्हल पाईप

नवीन बांधलेलं इंजिन गाडीत चढवण्याआधी स्टँडवर चालवून बघावं. ऑइलचा दाब, गॅस्केटची गळती, टायमिंग, सगळं उघड्यावर दिसतं आणि पाना सहज पोचतो. अडचण आवाजाची. इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्यनगरात घराला घर लागून आहे. तिथे सायलेन्सर न लावता, मोकळ्या मॅनिफोल्डवर (सिलिंडरांचा धूर एकत्र आणणाऱ्या नळ्यांवर) दोन लिटरचं इंजिन पेटवलं, तर दोन गल्ल्या पलीकडच्या खिडक्या थरथरतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५ आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळचे सहा. या आकड्यांच्या जवळ घरच्या घरी जाता येतं, पण सायलेन्सरमध्ये ग्लासवूल कोंबून नाही. त्याला जागा लागते आणि वजन लागतं.

कारण असं. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला १०० धक्के बाहेर फेकतं, एक सिलिंडरची बुलेट त्याच वेगाला फक्त २५. हा खालच्या पट्टीचा, खर्जातला आवाज. ५० मिमी जाडीचं वूल साधारण ५०० हर्ट्झच्या वरचा आवाज नीट खातं, खर्जाला ते जवळजवळ काहीच करत नाही. म्हणून वूल भरल्यावर आवाजाची धार जाते पण धडधड तशीच राहते, आणि शेजाऱ्यांना खुपते ती धडधडच. मोबाइलवरचं मीटरही इथे फसवतं. बहुतेक ॲप 'ए' वजनावर मोजतात आणि त्यात १०० हर्ट्झचा आवाज १९ डेसिबलने कमी धरला जातो, ५० हर्ट्झचा तर ३०ने. 'सी' वजनात खर्ज जवळजवळ पूर्ण मोजला जातो. ॲपमध्ये त्याची सोय असेल तर दोन्ही आकडे लिहून ठेवा. 'सी' जर 'ए'पेक्षा १५–२०ने जास्त दिसला, तर उरलेला त्रास खर्जाचा आहे असं समजा. मोबाइल नेमका आकडा सांगणार नाही, पण तोच फोन त्याच जागी ठेवून आधीचा आणि नंतरचा फरक तो बऱ्यापैकी दाखवतो.

२०० लिटरचा ड्रम

लोहामंडीत किंवा कबाड्याकडे ऑइलचा बंद तोंडाचा ड्रम मिळतो. व्यास साधारण ५७ सेंमी, लांबी ८६ सेंमी. पेट्रोल, थिनर किंवा रंगाचा ड्रम घेऊच नका. आत उरलेली वाफ कटिंगच्या ठिणगीने फुटते आणि ड्रमचं झाकण माणसाचा जीव घेऊ शकतं. ऑइलचा ड्रमसुद्धा कापण्याआधी सोड्याच्या गरम पाण्याने दोनदा धुवा, आणि जिथे कापायचं आहे तेवढा भाग सोडून पाण्याने भरून घ्या.

ड्रम काम करतो तो अचानक रुंद होणाऱ्या जागेमुळे. ६३ मिमीच्या पाईपमधून आलेला धक्का ५७ सेंमीच्या पोकळीत पडला की त्याला सुमारे ८० पट क्षेत्रफळ मिळतं, आणि बराचसा आवाज तिथूनच मागे परततो. कागदावर ही घट ३० डेसिबलच्या वर निघते. प्रत्यक्षात २० मिळाले तरी मोठा फरक पडतो. मात्र रिकाम्या ड्रमला काही सूर सरळ पार होतात. आतला वायू २०० अंशांवर असेल तर २५० हर्ट्झच्या आसपासचा आवाज जवळजवळ न अडता निघून जातो. त्यावरचा उपाय जुना आणि पक्का आहे: आत येणारा पाईप ड्रमच्या निम्म्या लांबीपर्यंत, म्हणजे ४३ सेंमी आत घ्या, आणि बाहेर जाणारा पाईप पाव लांबीपर्यंत, २१–२२ सेंमी. दोन्ही एका रेषेत ठेवू नका. बाहेरचा १५ सेंमी बाजूला सरकवा, नाहीतर वायूचा झोत थेट एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातो आणि वरच्या पट्टीचा आवाज त्याच्यासोबत निघतो.

पाईपचा व्यास अंदाजाने ठरवू नका. दोन लिटरचं इंजिन ३००० आरपीएमला, नैसर्गिक श्वासावर (टर्बोशिवाय), सेकंदाला सुमारे ४२ लिटर हवा घेतं. ५०० अंशांवर तीच फुगून १०८ लिटरच्या आसपास होते. ६३ मिमीच्या पाईपमध्ये तिचा वेग ३५ मीटर प्रति सेकंद येतो, तो ठीक आहे. हाच हिशेब ३८ मिमीला केला तर वेग ९५च्या आसपास जातो, पाईप शिट्टी मारतो आणि इंजिन गुदमरतं. वेग ५०च्या आत राहील असा व्यास घ्या. टर्बो असेल तर त्याहून मोठा.

ड्रमचा पत्रा पातळ असतो, एक-सव्वा मिमीचा. तसाच सोडला तर तो स्वतःच ढोलासारखा वाजतो. दोन्ही सपाट तोंडांवर ४० बाय ४० बाय ५च्या ॲंगलची फुली वेल्ड करा. मग ड्रमभोवती नऊ इंची विटांचं आळं बांधून मधली चार इंचांची फट कोरड्या वाळूने भरा. वाळू ओली असेल तर पहिल्याच तासात वाफ सुटते आणि पत्रा बाहेरून गंजू लागतो. ड्रम बाहेरच्या तोंडाकडे दोन सेंमी उतरता ठेवा आणि सगळ्यात खालच्या बिंदूला अर्धा इंची निपल आणि व्हॉल्व्ह लावा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन थंड असताना त्यातलं बरंच ड्रममध्येच साचतं.

ड्रम फुटू नये म्हणून

बहुतेक लोक हाच भाग विसरतात. नवीन इंजिन पहिल्या सुरुवातीला मिसफायर करतं. न जळलेलं मिश्रण ड्रममध्ये साचतं आणि पुढच्या चांगल्या स्फोटाची आग तिथवर पोचली की २०० लिटरचा बार होतो. छोट्या सायलेन्सरमध्ये जो नुसता फटाका असतो, तो इथे वेल्ड फाडतो.

म्हणून पहिला स्टार्ट नेहमी इंजिनाच्या मूळ सायलेन्सरवर करा. टायमिंग, कार्ब्युरेटर किंवा इंजेक्शन जुळून आयडलला इंजिन न अडखळता पाच मिनिटं चाललं, की मगच ड्रम जोडा. मध्येच बंद पडलं आणि दोन-तीनदा सेल्फ मारूनही उठलं नाही, तर लगेच पुन्हा सेल्फ मारू नका. इंधन बंद करा, कॉइलची वायर काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि पंधरा-वीस सेकंद नुसतं फिरवून आतला वायू बाहेर लोटा.

शिवाय ड्रमच्या वरच्या अंगाला १५० मिमीचं भोक करून त्यावर २०० मिमी व्यासाची, २० मिमी जाडीची गोल लोखंडी प्लेट ठेवा, खाली फायबरची रस्सी. या प्लेटचं वजन पाच किलोच्या आसपास भरतं आणि आत सुमारे २८० मिमी पाण्याइतका दाब झाला की ती उचलते. तिला फूटभर साखळी बांधा, म्हणजे उडून जाणार नाही. वर वाळू घालू नका. मोठ्या स्फोटाला हे झाकणही अपुरं पडू शकतं, त्यामुळे सेल्फ मारताना कोणीही ड्रमपाशी उभं राहू नये, झाकणावर वाकून तर मुळीच नाही.

जोडणी आणि मागचा दाब

इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, ड्रम विटांत गाडलेला. मधे स्टेनलेसचा फ्लेक्झिबल पाईप हवाच, निदान २० सेंमी. नुसत्या सरळ पाईपने जोडलं तर मॅनिफोल्डचे स्टड तुटतात. तीन मीटरचा लोखंडी पाईप ४०० अंशांनी तापला की चौदा मिमी वाढतो, आणि ती वाढ कुठेतरी जायला हवी. जोड थंड असताना तपासा: बाहेरच्या तोंडातून ब्लोअरने हवा भरा आणि प्रत्येक फ्लँजला साबणाचं पाणी लावा. जिथे बुडबुडे, तिथून आवाजही निसटणार आणि कार्बन मोनॉक्साइडही.

मागचा दाब म्हणजे बाहेर पडताना अडलेल्या वायूचा इंजिनावर उलटा येणारा दाब. तो बघायला महागडं गेज लागत नाही. गवंड्याचा पारदर्शक लेव्हल पाईप फळीवर इंग्रजी 'यू'सारखा बांधा, त्यात रंगीत पाणी घाला. ड्रमच्या आधीच्या पाईपला एक निपल वेल्ड करून त्यावर दीड-दोन मीटर तांब्याची नळी घ्या आणि तिच्या थंड टोकाला लेव्हल पाईप जोडा. थेट जोडला तर प्लास्टिक वितळतं. पाणी धक्क्यांनी नाचतं, म्हणून नळीत एक मिमी भोकाचं बूच बसवा म्हणजे ते स्थिर होतं. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक मिमीमध्ये मोजा. १०२ मिमी म्हणजे १ किलोपास्कल. इंजिनाच्या मॅन्युअलमधली मर्यादा हाच खरा निकष. ती हाताशी नसेल तर ५०० मिमीच्या पलीकडे जाऊ देऊ नका. वर दिलेल्या मापांनी आकडा १००–१५०च्या आसपास यायला हवा. हळूहळू वाढत गेला तर समजा ड्रमपुढच्या वूलच्या टप्प्यात (तो खाली दिला आहे) काजळी बसली आहे किंवा आत पाणी साचलं आहे. तसंच चालवत राहिलात तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात.

ड्रमच्या पुढे

धार मारायला दुसरा टप्पा लागतो. ७५ मिमीचा जाळीचा पाईप, ९० सेंमी लांब, त्याभोवती ५० मिमी रॉकवूल (दगडापासून केलेलं वूल), बाहेर १७५ मिमीचं कवच. जाळीला ४ मिमी भोकं, सात मिमी अंतरावर, एकाआड एक. यात तीस टक्के जागा उघडी मिळते. हातड्रिलने पाच हजारांच्या आसपास भोकं पाडत बसण्यापेक्षा सियागंजाच्या बाजारातून तयार जाळीचा पत्रा आणून गोल वळवून घ्या. वूल रॉकवूलच घ्या, शंभर किलो घनतेच्या आसपासचं. साध्या ग्लासवूलमधला चिकटा या उष्णतेत जळतो आणि धागे बाहेर उडून शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतात. बांधल्यावर पहिला तासभर इंजिन जोडताना लावलेलं असेंब्लीचं ऑइल ओकतं, तेव्हा वूलचा टप्पा जोडू नका. तेलात भिजलेलं वूल पेट घेतं.

जागा नसेल तर जनरेटरचा जुना 'रेसिडेन्शियल' (निवासी भागासाठीचा) मफलर, म्हणजे सायलेन्सर, शोधा. २५ डेसिबलच्या आसपास आवाज खातो आणि पाईपचा व्यास जुळला तर ड्रमपुढे थेट बसतो.

शेवटच्या पाईपची लांबी सिलिंडरवर ठरते. चार सिलिंडरला दोन मीटरचा पाईप ३०००च्या आसपास नेमका घुमतो. सव्वा मीटरचा ठेवला तर घुमणं ५०००च्या वर ढकललं जातं. वर छपरापर्यंत न्यायचाच असेल तर ज्या आरपीएमला घुमेल ते टाळा, किंवा लांबी ३०–४० सेंमीने बदलून बघा. एक सिलिंडरला उलटं: आखूड पाईप लावला तर ड्रम आणि पाईप मिळून हजार आरपीएमच्या आसपास धाप लागल्यासारखे हेलकावतात, आयडल हलतो. तिथे अडीच मीटर लांब पाईप लावा, म्हणजे हा हेलकावा आयडलच्या खाली जातो.

एक्झॉस्ट पाण्याच्या टाकीत बुडवायचा सल्ला अनेक जण देतात. आवाज खरंच कमी होतो. पण इंजिन बंद पडताना उलटा धक्का बसला की पाणी वर ओढलं जातं. ते सिलिंडरमध्ये शिरलं तर पिस्टन दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. नवीन बांधलेल्या इंजिनासाठी हे करू नका. तसंच गिट्टीने भरलेला खड्डा. इंदूरच्या काळ्या मातीत तो उन्हाळ्यात भेगाळतो, पावसाळ्यात फुगून पाण्याने भरतो, आणि भेगांमधून वायू पायापर्यंत किंवा गटाराच्या चेंबरपर्यंत जाऊ शकतो.

खोली

एक्झॉस्ट २० डेसिबलने उतरला की हवा आत ओढण्याचा आवाज आणि इंजिनाची खडखड पुढे येते. एअर फिल्टर काढून इंजिन चालवू नका. नऊ इंची विटेची भिंत ४५ डेसिबलच्या आसपास अडवते, पण भिंतीत एक टक्का भोक असेल तर कितीही जाड भिंत २० डेसिबलपलीकडे जाणार नाही. शटरखालची बोटभर फट हा सगळा खेळ बिघडवते. तरी हवा यायलाच हवी, खोली बंद करून इंजिन चालवणं म्हणजे मृत्यूला बोलावणं. म्हणून हवेसाठी वाकडा मार्ग करा: प्लायवूडचा डबा, आतून ५० मिमी रॉकवूल, दोन काटकोनी वळणं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म छातीच्या उंचीला लावा, ६ किलोचा पावडरचा अग्निशामक दाराशी ठेवा, इंधनाचा डबा खोलीबाहेर.

वेळ अकरा ते एक, नाहीतर चारनंतर. दुपारी वयस्कर माणसं आडवी होतात, आणि फेब्रुवारी–मार्चमध्ये गल्लीत कोणीतरी बोर्डाच्या परीक्षेला बसलेलं असतंच. आदल्या दिवशी शेजारी जाऊन सांगा: उद्या अकराला, अर्धा तास. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार असते आणि आवाज खाली वळून दूर जातो, तेव्हा टाळा. शेवटचं मोजमाप तुमच्या अंगणात नको, शेजाऱ्यांच्या ओट्यावर घ्या, त्यांच्या परवानगीने, इंजिन बंद असताना एकदा आणि २५०० आरपीएमला एकदा.

चाचणी संपली, ड्रम हात लावण्याइतका निवला, की खालचा व्हॉल्व्ह उघडा. काळं, आंबूस वासाचं पाणी निघेल. ते बादलीत धरा, पूर्ण निथळू द्या, आणि व्हॉल्व्ह पुढच्या स्टार्टच्या आधी बंद केल्याची खात्री करा.