सनरूफमधून पाणी गळतंय? सिलिकॉन लावायच्या आधी हे घरी करून बघा

मागच्या जुलैत पुण्यात चांदणी चौकाच्या उतारावर ब्रेक दाबला आणि छतातल्या लाईटच्या कडेने भसकन पाणी बायकोच्या मांडीवर आलं. गॅरेजवाल्याने वरवर बघितलं आणि म्हणाला रबर गेलंय, सगळा सेट बदलावा लागेल. रबर अगदी ठणठणीत होतं. गाडी उन्हाळाभर सोनमोहराखाली उभी असायची आणि त्याची वाळलेली फुलं नि माती मिळून पाणी जायची नळी चोंदली होती, बास. एका रविवारच्या सकाळी घरीच काम झालं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. सनरूफची काच आणि रबर सगळंच्या सगळं पाणी अडवायला बनवलेलंच नसतं, थोडं पाणी आत येणार हे कंपनीने धरलेलंच असतं. जुन्या वाड्याच्या कौलांना कशी पत्र्याची पन्हळ असते तशीच पन्हळ काचेच्या खाली चारी बाजूंनी असते, तिच्या कोपऱ्यांत बारीक होल असतात आणि तिथून नळ्या खाली उतरतात. बहुतेक गाड्यांत अशा ४ नळ्या असतात, पुढच्या २ समोरच्या काचेशेजारच्या खांबांतून आणि मागच्या २ मागच्या खांबांतून जातात, पाणी दाराच्या बिजागरापाशी, चाकाच्या वर किंवा मागच्या बंपरच्या आत बाहेर पडतं. नळी चोंदली की पन्हळ भरते आणि वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर पाणी छताच्या कापडावर सांडतं. म्हणून काचेच्या कडेला बाहेरून फटी बुजवायचं सिलिकॉन अजिबात फासू नका, मूळ दुखणं तसंच राहतं, काच अडकते आणि नंतर ते खरवडताना रबर फाटतं.

सामान फार लागत नाही. टॉर्च, जुना टूथब्रश, व्हॅक्यूम क्लीनर, मोठी सिरिंज किंवा फुलपात्र, आणि गवत कापायच्या मशीनची साधारण २ मिमी जाडीची नायलॉन दोरी २-३ मीटर. बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात विचारा. लोखंडी तार मात्र नको, तिने नळीला भोक पडतं किंवा नळी वरच्या सांध्यातून निसटते, आणि मग खरंच छत उतरवावं लागतं.

गाडी सपाट जागी लावा, सोसायटीच्या रॅम्पवर नको. काच पूर्ण उघडा, गाडी बंद करा आणि टॉर्च मारून पन्हळ बघा. माझ्या गाडीत तिथे अक्षरशः कुंडीतली माती होती. ती आधी व्हॅक्यूमने ओढून घ्या नि मग ब्रशने पुसा, कारण पाण्याने ढकलली तर सगळा गाळ नळीतच जाऊन बसेल.

आता टेस्ट. पुढच्या एका कोपऱ्यात सिरिंजने हळूहळू अर्धा कप पाणी सोडा आणि घरातल्या कुणाला तरी खाली बघायला सांगा. काही सेकंदांत खाली धार लागली तर ती नळी चांगली. पाणी तिथेच तुंबून राहिलं तर चोंदलीय. आणि वरून पाणी जातंय, खाली येत नाही, पण पायाखालचं कार्पेट ओलं होतंय, तर नळी निसटलीय किंवा फाटलीय, मग घरी हात घालू नका, कारण त्या खांबांत आणि छताच्या कडेने बऱ्याच गाड्यांत एअरबॅग असतात.

चोंदलेल्या नळीसाठी नायलॉनच्या दोरीचं टोक लायटरने किंचित वितळवून गोल करा, गार होऊ द्या आणि होलमधून फिरवत फिरवत आत सोडा. अडकली तर जोर लावू नका, थोडी मागे घ्या, परत फिरवा. घाई इथेच नडते! काही गाड्यांत नळीच्या खालच्या टोकाला चिरेसारखं तोंड असलेलं रबर असतं, चिखल तिथेच अडकतो, ते खालून बोटांनी हलकं दाबलं की काळं पाणी भळभळ बाहेर येतं. नंतर कोमट पाण्यात दोन थेंब कार शाम्पू घालून नळी धुऊन घ्या. टायरवाल्याकडच्या कंप्रेसरची हवा मारू नका, त्या प्रेशरने नळी सांध्यातून उडते. मागची होल काच उघडी असताना बऱ्याचदा दिसतच नाहीत, तेव्हा काच अर्धी उघडून किंवा तिरकी करून बघा, नाहीतर खालच्या तोंडातून दोरी वर घाला.

रबर ओल्या कापडाने पुसून वाळलं की सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. इंजिन ऑइल, पेट्रोल यातलं काही नको, रबर फुगतं. रबर खरंच चिरलंय किंवा एका जागी चपटं झालंय असं दिसलं तरच बदलायचा विचार करा.

सगळं झाल्यावर काच बंद करा, आत एकाला टॉर्च घेऊन बसवा आणि बागेच्या पाईपने साधं पाणी १० मिनिटं सोडा, प्रेशर वॉशर नको. सनरूफ कोरडं असूनही छत ओलं होत असेल तर अँटेनाचं बूड, रूफ रेल (छतावरच्या लांब दांड्या) आणि समोरच्या काचेची कड तपासा.

आणि कार्पेट वरून कोरडं वाटलं तरी खालचा फोम दिवसेंदिवस पाणी धरून ठेवतो, कुबट वास त्याचाच. कार्पेट कडेने उचलून जुने टॉवेल कोंबा, ते बदलत राहा, घरचा पंखा लावा, पावसाळ्यात एसी आणि हीटर दोन्ही एकदम चालवले तर हवा लवकर कोरडी होते. सीटखाली वायरिंगचे कनेक्टर असतात, तिथे पाणी साठलेलं असेल किंवा डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला असेल तर थेट सर्व्हिस सेंटर गाठा.

मी आता मे संपता संपता, वळवाचा पहिला पाऊस पडला की एकदा आणि गणपती झाल्यावर एकदा चारी कोपऱ्यांत पाणी टाकून बघतो. पाऊण तास लागतो, त्यातला निम्मा त्या मागच्या उजव्या नळीला.