बिल्ड अडलं की आधी पहिला एरर शोधा

सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणं म्हणजे बिल्ड. ते अडलं की बहुतेक जण टर्मिनलवरची शेवटची ओळ उचलून शोधायला लागतात. बिल्डच्या कमांड चालवणाऱ्या मेकचं ‘एरर २’ वाचून मात्र काहीच कळत नाही. आतली एखादी कमांड फसली, एवढाच त्याचा अर्थ. खरं कारण बरंच वर असतं. त्यात अनेक कोअरवर काम चालू असेल तर वेगवेगळ्या फाइलींचं आउटपुट एकमेकांत मिसळतं.

म्हणून पुन्हा चालवताना मेकला ‘-जे१’ द्या, म्हणजे एका वेळी एकच काम चालेल. सोबत प्रत्येक कमांड पूर्ण दिसावी म्हणून ऑटोमेकच्या प्रकल्पात ‘व्ही=१’, सीमेकने बनवलेल्या मेकफाइलला (मेकसाठीच्या सूचनांची फाइल) ‘व्हर्बोज=१’, आणि मेकऐवजी निंजा असेल तर ‘-जे१ -व्ही’. आउटपुट फाइलमध्ये साठवताना स्टँडर्ड एरर हा एररचा वेगळा प्रवाहही घ्या, नाहीतर नेमके एररच बाहेर राहतात. मग त्या फाइलीत वरून खाली येत ‘एरर’ हा शब्द पहिल्यांदा कुठे येतो ते पाहा. ‘-जे१’ने बिल्ड सुरळीत पार पडलं, तर मेकफाइलमध्ये एखादं अवलंबित्व (कोणत्या फाइलीआधी कोणती बनायला हवी ते) लिहायचं राहिलंय असा दाट संशय घ्या.

एररसोबत येणारे आकडेही बोलतात. १२७ म्हणजे कमांडच सापडली नाही, १२६ म्हणजे ती सापडली पण चालवता आली नाही. १३७ किंवा ‘किल्ड’ दिसलं तर बहुधा मेमरी संपून कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) कंपायलर मारलेला असतो. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये त्याची नोंद मिळते. अशा वेळी सोर्समध्ये हात घालू नका, एकाच वेळी चालणाऱ्या जॉबची संख्या कमी करा. मोठ्या सी++ प्रकल्पात जॉबमागे २ जीबी धरून चाला.

बिल्डआधी यंत्रावर काय काय आहे ते तपासणारं कॉन्फिगरच अडलं असेल तर स्क्रीनवरचा संदेश अपुरा असतो. ऑटोकॉन्फची ‘कॉन्फिग.लॉग’ उघडा, पण थेट तळाशी जाऊ नका, तिथे व्हेरिएबलची लांबलचक यादी असते. ‘कॅश व्हेरिएबल्स’ हे शीर्षक शोधा आणि त्याच्या लगेच वरचं वाचा: फसलेला चाचणी-प्रोग्राम आणि कंपायलरची तक्रार तिथेच सापडते. मेसॉन या बिल्ड साधनाची नोंद ‘मेसॉन-लॉग्ज’ फोल्डरमध्ये असते, सीमेक ३.२६ पासून ‘सीमेककॉन्फिगरलॉग.यॅमल’मध्ये.

लायब्ररी (इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड) बसवलेली असूनही ‘सापडत नाही’ असं येतं, तेव्हा बहुतेकदा हेडर फाइलींचं (लायब्ररीतल्या फंक्शनच्या घोषणा असलेल्या) वेगळं पॅकेज राहिलेलं असतं. डेबियन, उबुंटूवर त्याच्या नावाशेवटी ‘-डेव्ह’ असतं, फेडोरावर ‘-डेव्हेल’. हेडर कोणत्या पॅकेजात आहे ते ‘एपीटी-फाइल सर्च’ किंवा ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ सांगतं. लायब्ररी वेगळ्या जागी बसवली असेल तर तिचा ठावठिकाणा सांगणाऱ्या ‘.पीसी’ फाइलीचं फोल्डर ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’मध्ये घाला.

जुना कोड नव्या कंपायलरवर मोडतो, तेव्हा जीसीसी या कंपायलरची आवृत्ती पाहा. २०२० च्या जीसीसी १० पासून एकच ग्लोबल व्हेरिएबल दोन फाइलींत आलं की लिंक करताना, म्हणजे तुकडे जोडून प्रोग्राम बनवताना, ‘मल्टिपल डेफिनिशन’ येतं; ‘-एफकॉमन’ दिल्यावर तात्पुरतं भागतं. २०२४ च्या जीसीसी १४ पासून घोषणा नसलेलं फंक्शन वापरणं हा थेट एरर आहे. हा एरर एखादा फ्लॅग देऊन दाबू नका. तसं केलं तर कंपायलर तिथे परतीचा प्रकार इंट धरतो, आणि फंक्शन पॉइंटर देत असेल तर ६४ बिट यंत्रावर पत्त्याचा अर्धा भाग कापला जातो. बिल्ड होईल, प्रोग्राम चालताना कोसळेल. योग्य हेडर जोडा.

‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आला तर लिंकची पूर्ण कमांड वाचा. स्टॅटिक लायब्ररी (प्रोग्राममध्येच जोडली जाणारी) तिला वापरणाऱ्या ऑब्जेक्ट फाइलींच्या (कंपाइल झालेल्या तुकड्यांच्या) नंतर यायला हवी. न सापडलेल्या नावात ‘सीएक्सएक्स११’ दिसलं तर ती लायब्ररी बहुधा जुन्या सी++ एबीआयने (कंपाइल झालेले तुकडे एकमेकांशी जुळण्याच्या नियमांनी) बनलेली आहे; तीही त्याच कंपायलरने पुन्हा बनवा.

दुरुस्ती करूनही तोच एरर येत असेल तर जुनी कॅश (आधीच्या तपासणीचे साठवलेले निकाल) आड येत असते. सीमेकला ३.२४ पासून ‘--फ्रेश’ देऊन ती टाकून देता येते. त्याआधीच्या आवृत्तीत बिल्डचं फोल्डरच काढा. सोर्समध्येच बिल्ड केलं असेल तर ‘गिट क्लीन -एक्सडीएफ’, पण आधी ‘-एक्सडीएन’ देऊन काय काय पुसलं जाणार ते पाहा, कारण गिटमध्ये न जोडलेल्या तुमच्या फाइलीही त्यात जातात.