फोटो काढायला शिकताना: आधी उजेड, मग आकडे

फोटोग्राफी शिकायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला: कोणता कॅमेरा घेऊ? हातात आहे तोच घ्या. मोबाइल असेल तर मोबाइल. उजेड कुठून येतोय आणि कसा पडतोय हे ओळखायला महागडं यंत्र लागत नाही, आणि ते ओळखता येत नसेल तर महागडं यंत्रही फारसं कामाला येत नाही. म्हणून शिकण्याचा क्रम असा ठेवा.

१. लेन्स पुसा. मोबाइलच्या लेन्सवर बोटांचे ठसे असतातच. दिव्यांभोवती धुरकट वलयं दिसतात, ती बहुतेकदा त्यांच्यामुळे. मऊ, कोरडं कापड पुरतं.

२. खिडकीजवळ बसा. घाई न करता इथे रमा, कारण अर्धी फोटोग्राफी इथेच शिकून होते. दिवसा घरातले दिवे बंद करा. दिव्याचा पिवळा आणि बाहेरचा निळसर उजेड एकत्र आला की चेहऱ्याचे रंग बिघडतात. मग कुणाला तरी खिडकीजवळ बसवा. चेहरा खिडकीकडे असेल तर उजेड सारखा पडतो, चेहरा स्वच्छ पण थोडा सपाट दिसतो. आता खुर्ची फिरवून खिडकी एका बाजूला घ्या. एक गाल उजळ, दुसरा सावलीत. नाकाला, हनुवटीला लगेच उठाव येतो. सावली फार गडद वाटली तर त्या बाजूला पांढरा कागद किंवा चादर धरा, ती हलकी होते. ऊन थेट आत येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा, सावल्यांच्या कडा मऊ होतील. माणूस खिडकीपासून दूर सरकवा आणि उजेड किती झपाट्याने उतरतो तेही बघा.

शेवटी त्याला खिडकीकडे पाठ करून बसवा. चेहरा काळा आला? यात तुमचं काही चुकलं नाही. समोरचं दृश्य एकंदरीत मध्यम करड्या उजळपणाचं असावं असं धरून कॅमेरा हिशेब करतो. मागची खिडकी झगझगीत, म्हणून तो सगळंच गडद करतो. याच कारणाने पांढरी भिंत मळकट दिसते आणि काळं मांजर राखाडी. उपाय सोपा आहे: कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हाचं बटण असतं. फ्रेममध्ये पांढरं जास्त तर अधिककडे, काळं जास्त तर उणेकडे. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी वर-खाली सरकवा.

३. आता आकडे. पहिल्या दिवसापासून मॅन्युअल मोडच वापरा, म्हणजे सगळे आकडे स्वतःच ठरवा, हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. कॅमेऱ्याची डायल ‘ए’ किंवा ‘एव्ही’वर ठेवा. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधल्या छिद्राचा आकार, तुम्ही ठरवा; शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत येतो ते, कॅमेऱ्यावर सोडा. एफ/१.८ सारखा छोटा आकडा म्हणजे मोठं छिद्र: उजेड भरपूर, मागचं सगळं धूसर. एफ/८ला पुढचं-मागचं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. २, २.८, ४, ५.६, ८ या ओळीत प्रत्येक पुढच्या आकड्याला उजेड निम्मा होतो.

शटर स्पीडवर मात्र नजर हवी. हाताच्या थरथरीने फोटो हलू नये म्हणून जुना अंदाज असा: ५० मिमी लेन्सला (मिमी म्हणजे लेन्सची फोकल लांबी; आकडा मोठा तितकं दृश्य जवळ दिसतं) निदान १/५० सेकंद, २०० मिमीला १/२००. सेन्सर (कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग) लहान असेल तर याहून थोडा वेगवान ठेवा. पण हा हिशेब फक्त तुमच्या हाताचा आहे. धावणाऱ्या मुलाला १/५०० किंवा त्याहून वेगवान शटर लागतं. तेवढा उजेड नसेल तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, बिनधास्त वाढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला फोटो कशानेच सावरत नाही.

४. फोकस डोळ्यावर. दोन डोळ्यांपैकी तुमच्या जवळच्या. एफ/१.८ला जवळून काढलेल्या फोटोत नाक स्पष्ट आणि डोळे धूसर होणं अगदी सहज घडतं.

५. कडा तपासा. फ्रेमचे उभे-आडवे तीन-तीन भाग करून विषय रेषांवर ठेवण्याचा नियम ठीकच आहे; एका दुपारी जमतो. त्याहून उपयोगी सवय म्हणजे बटण दाबण्याआधी चारही कोपरे बघणं. डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, अर्धा कापलेला हात, कोपऱ्यातली पिशवी. बहुतेक वेळा एक पाऊल बाजूला सरकलं की भागतं. मोबाइलचा डिजिटल झूम टाळा, तो चित्र फक्त कापून मोठं करतो. शक्य असेल तिथे चालत पुढे जा. एकाच लेन्सने अडतं असं वाटत असेल तर फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचं काम बघा. त्यांनी बहुतांश काम ५० मिमी लेन्सवरच केलं.

६. निवडा. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो पुसत बसू नका. मोठ्या पडद्यावर बघा, शक्यतो दुसऱ्या दिवशी. फाइलच्या माहितीत शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ नोंदलेलं असतं. फसलेल्या फोटोचे आकडे आवर्जून वाचा. बहुतेक फोटो टाकाऊ वाटतील. वाटू द्या. हातापेक्षा नजर लवकर तयार होते, त्यामुळे मधला काही काळ स्वतःचं काहीच आवडत नाही. नेमका तेव्हाच पुष्कळ जणांचा कॅमेरा कपाटात जातो. तुम्ही पुन्हा त्याच खिडकीशी बसा.

निवडलेल्या फोटोंच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि त्या उघडतात याची खात्री झाल्यावरच कार्ड रिकामं करा.