बोट ट्रेलरच्या बेअरिंगसाठी ग्रीस निवडताना या चुका टाळा

बोट ट्रेलरचे चाक भर रस्त्यात जाम होते, त्यामुळे बिघाड प्रवासात झाला असे वाटते. प्रत्यक्षात ते बेअरिंग बहुतेक वेळा त्याआधीच, ट्रेलर नुसता उभा असताना निकामी होऊ लागलेले असते. लांबच्या प्रवासात हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग बसवलेला मधला भाग, तापलेला असतो. तशाच अवस्थेत ट्रेलर उतारावरून पाण्यात नेला की हबमधील हवा एकाएकी थंड होऊन आकसते आणि मागच्या ऑइल सीलच्या (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणाऱ्या रबरी कडीच्या) ओठाखालून पाणी आत खेचले जाते. बोट उतरवून ट्रेलर पुन्हा जागेवर उभा केला जातो आणि पुढचे कित्येक आठवडे ते पाणी रोलर आणि रेस (रोलर ज्यावर फिरतात ते कडे) जिथे एकमेकांना टेकलेले असतात नेमके तिथे पोलाद खात बसते. हब उघडल्यावर रेसवर रोलरच्या अंतराने उमटलेल्या काळपट रेघा दिसल्या, तर बेअरिंग फिरून झिजलेले नाही, उभ्या उभ्या गंजलेले आहे असे समजावे. ग्रीसची निवड चुकते ती हे लक्षात न घेतल्यामुळे.

डब्यावरचा सर्वांत मोठा आकडा पाहून ग्रीस घेणे

डब्यावर ठळक छापलेला आकडा बहुधा ड्रॉपिंग पॉइंटचा असतो, म्हणजे चाचणीत ग्रीस तापवल्यावर ज्या तापमानाला त्याचा पहिला थेंब गळतो तो बिंदू. साध्या लिथियम ग्रीससाठी (ग्रीसच्या प्रकारांविषयी पुढे येईलच) तो साधारणपणे १८० ते २०० अंश सेल्सिअस असतो. लिथियम कॉम्प्लेक्ससाठी २६० च्या आसपास, तर कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्ससाठी ३०० च्या घरात जातो. हे ग्रीस वापरण्याचे तापमान नव्हे. वापराची मर्यादा त्याच्या बरीच खाली असते. शिवाय धडधाकट ट्रेलरचा हब प्रवासानंतर हाताला कोमट किंवा गरम लागतो इतकेच. तो भाजण्याइतका तापत असेल, तर ब्रेक घासत असतो, स्पिंडलचा (हब ज्यावर फिरतो त्या दांड्याचा) नट जास्त आवळलेला असतो किंवा बेअरिंगच संपलेले असते, आणि यांपैकी कशावरही अधिक उष्णता सोसणारे ग्रीस हा इलाज नाही.

त्याऐवजी उत्पादनाच्या माहितीपत्रकातील दोन ओळी शोधाव्यात. पहिली पाण्याने ग्रीस धुऊन जाण्याची: एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या डी १२६४ या चाचणीत ग्रीस भरलेले बेअरिंग फिरवत ठेवून त्यावर ३८ किंवा ७९ अंशांच्या पाण्याचा झोत तासभर सोडतात आणि किती टक्के ग्रीस वाहून गेले ते मोजतात. आकडा जितका लहान तितके चांगले. मात्र दोन डब्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच तापमानाचे आहेत ना, हे पाहावे, कारण ३८ अंशांवर जवळजवळ कोणतेही ग्रीस शहाणे दिसते. दुसरी ओळ गंजाची, आणि माझ्या मते ती पहिलीपेक्षाही महत्त्वाची आहे. डी १७४३ ही गंजाची नेहमीची चाचणी शुद्ध पाण्यात होते. समुद्राच्या पाण्यासाठी डी ५९६९ ही वेगळी चाचणी आहे. पहिलीत उत्तीर्ण झालेले ग्रीस खाऱ्या पाण्यातही टिकेलच असे गृहीत धरता येत नाही, आणि ट्रेलर खाडीत किंवा समुद्रात उतरणार असेल तर नेमका हाच फरक निर्णायक ठरतो.

‘मरीन’ हा शब्द किंवा डब्यावरचे नांगराचे चित्र हे कोणत्याही चाचणीचे प्रमाणपत्र नाही. एनएलजीआय या ग्रीस क्षेत्रातील संस्थेची जीसी-एलबी ही खूण चाकाच्या बेअरिंगसाठी ग्रीस योग्य असल्याचे सांगते. २०२१ पासून त्याच संस्थेने एचपीएम ही नवी श्रेणी सुरू केली असून तिच्या जोडीला पाण्यासाठी डब्ल्यूआर आणि गंजासाठी सीआर अशा जादा खुणा असतात. बोट ट्रेलरच्या मालकाने पाहाव्यात त्या या दोन खुणा.

ग्रीसमधला साबण न पाहणे

ग्रीस म्हणजे घट्ट तेल नव्हे. साबणासारख्या घट्ट घटकाच्या जाळ्यात धरून ठेवलेले तेल. पाण्याशी गाठ पडल्यावर काय होईल हे बव्हंशी त्या घटकावर ठरते. सोडियम साबणाचे ग्रीस पाण्यात विरघळते, तेव्हा ते या कामातून बादच. लिथियमची ग्रीसे थोडे पाणी पोटात घेऊन ताकासारखी पांढुरकी होतात आणि पाणी वाढत गेले की मऊ पडतात. कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्सचे वैशिष्ट्य असे, की त्यातील घट्ट घटक स्वतःच गंजरोधक असतो. त्यामुळे थोडे पाणी शिरले तरी धातूवरचे संरक्षण टिकून राहते. खाऱ्या पाण्यासाठी मी हेच पहिल्या पसंतीने सुचवेन. गोड्या पाण्याच्या तलावात वर्षातून मोजक्या वेळा ट्रेलर उतरवणाऱ्याला चांगले लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस पुरते, फक्त ते वेळच्या वेळी बदलले पाहिजे.

एनएलजीआयच्या मापानुसार ग्रीसच्या घट्टपणाचा क्रमांक २ असावा. जास्त घट्ट ते जास्त टिकाऊ या समजुतीने ३ क्रमांकाचे किंवा अवजड, संथ यंत्रांसाठी बनवलेले ग्रीस भरणारे लोक ट्रेलरची चाके किती लहान असतात हे विसरतात. ४२ सेंटिमीटर व्यासाच्या टायरचा परीघ साधारण १.३२ मीटर भरतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना असे चाक मिनिटाला सुमारे १,००० फेरे घेते. अशा फिरतीत फार जाड मूळ तेल घुसळले जाऊन उष्णता वाढवते. चाकांच्या बेअरिंगच्या ग्रीसमध्ये ४० अंशांवर १५० ते २२० सेंटिस्टोक्सचे (हे तेलाच्या जाडीचे माप) तेल सामान्यपणे असते. ४६० किंवा त्याहून जाड तेल असलेले ग्रीस जलरोधक असले तरी महामार्गासाठी जपूनच निवडावे. ग्रॅफाइटयुक्त ग्रीस तर टाळलेलेच बरे, कारण खाऱ्या पाण्याच्या संगतीत ग्रॅफाइट पोलादाच्या गंजण्याला हातभार लावते.

रंग जुळला म्हणून वरून भरणे

निळ्यात निळे किंवा लालात लाल मिसळले तर बिघडले कुठे, असे पुष्कळांना वाटते. ग्रीसचा रंग हा केवळ घातलेला रंग असतो. त्यावरून आतला घटक कळत नाही. पॉलियुरिया आणि लिथियम या घटकांच्या ग्रीसांचे बहुधा पटत नाही, बेंटोनाइट मातीवर आधारलेल्या ग्रीसचे जवळजवळ कोणाशीच पटत नाही, आणि कॅल्शियम सल्फोनेटचे लिथियम कॉम्प्लेक्सशी जमेल की नाही हे त्या त्या उत्पादनावर अवलंबून असते. न जुळणारी दोन ग्रीसे एकत्र आली की जाळे मोडते, मिश्रण पातळ होऊन सीलबाहेर गळते, क्वचित उलट घट्टही होते. आत काय भरले आहे हे माहीत नसेल, तर हब उघडून बेअरिंग, रेस आणि पोकळी रॉकेलने धुऊन, पूर्ण कोरडी करूनच नवे ग्रीस भरावे. बेअरिंग हवेच्या झोताने वाळवताना ते झोताबरोबर गरगरा फिरू देऊ नये: तेलाविना फिरून ते खराब होते, शिवाय सुटलेला रोलर डोळ्यावर येऊ शकतो.

ग्रीस गनवर भरवसा ठेवणे

हबच्या तोंडावर बसणारे स्प्रिंगचे टोपण आतल्या ग्रीसवर हलका दाब ठेवते, आणि ते उपयुक्त आहे. मात्र त्यातील तबकडी दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकली की थांबायचे असते. त्यापुढे मारलेले ग्रीस मागचे सील उलटवते आणि ब्रेकवर पसरते. पुढच्या वेळी पाणी त्याच वाटेने आत येते. शिवाय या टोपणातून नवे ग्रीस पुढच्या बाजूलाच राहते, पाण्याचा पहिला मारा सोसणाऱ्या मागच्या बेअरिंगपाशी जुनेच टिकून असते. स्पिंडलमधूनच निपल (ग्रीस गन लावायचे तोंड) दिलेला असेल तर ग्रीस आधी मागच्या बेअरिंगमधून जाते. तरीही चाक उचलून, हाताने फिरवत, हातगनने सावकाश भरावे.

हबची पोकळी किती भरावी याबद्दल मतभेद आहेत. मोटारीसाठी तिसरा हिस्सा ते अर्धा असा ठोकताळा सांगतात. बोट ट्रेलरमध्ये हवा कमी म्हणजे आकसणे कमी, म्हणून पोकळी बरीचशी भरलेली असावी असे मला वाटते, पण दाबून मुळीच नाही.

हब उघडल्यावर काय दिसते

पांढुरके ग्रीस म्हणजे पाणी शिरले आहे. अशा वेळी ग्रीसचा ब्रँड बदलण्याआधी सील तपासावे, कारण भलेभले ग्रीसही फाटक्या सीलपुढे हतबल असते. नवे सील बसवूनही पाणी येत असेल तर स्पिंडलवरून नख फिरवून पाहावे: जुन्या सीलने तिथे खाच पाडलेली असली तर नवा ओठही नीट टेकत नाही, आणि त्या जागी झिजेवर चढवायची पातळ बाही बसवावी लागते किंवा स्पिंडल बदलावा लागतो. ग्रीसमध्ये चमकणारे धातूचे कण दिसले तर बेअरिंग आणि त्याचा रेस जोडीनेच बदलावेत. नव्या रोलरला जुना रेस देऊ नये. तेल वेगळे होऊन साबण कोरडा पडला असेल, तर ग्रीसांची भेसळ झाली आहे किंवा हब अतितापलेला आहे. चारांपैकी एकच हब इतरांपेक्षा गरम लागत असेल तर ग्रीसला दोष न देता आधी त्या चाकाचा ब्रेक आणि नट पाहावा. नट चाक फिरवत आवळून, मग सैल करून, बोटाने लागेल इतकाच ठेवायचा असतो, आणि प्रत्येक वेळी स्प्लिट पिन नवी घालायची असते.

पाण्याजवळ पोहोचल्यावर दोऱ्या आणि सामान लावण्याचे काम आधी उरकावे, म्हणजे तेवढ्या पंधरा-वीस मिनिटांत हब निवतात. हबला हात लावून पाहावा आणि मगच ट्रेलर उतारावर न्यावा.