जुनी फोर बाय फोर घेताना आणि वापरताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी सोलापुरातल्या एका गॅरेजमध्ये मी एक जुनी सफारी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी गाडी, पाहायला गेलो होतो. रंग चांगला होता, इंजिन अर्ध्या सेल्फमध्ये सुरू झाले आणि फोर व्हीलचे बटण फिरवल्यावर मीटरवरचा हिरवा दिवाही लागला. सोबतच्या मित्राने व्यवहाराची बोलणी सुरू केली होती. तेवढ्यात मेस्त्रींनी गाडी खड्ड्यावर घेतली आणि टॉर्च लावून मला खाली बोलावले. ट्रान्सफर केसच्या (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीच्या) पुढच्या बाजूची फ्लँज, म्हणजे शाफ्ट जोडायची चकती, मोकळी होती, तिच्यावर वाळलेल्या ग्रीसचा आणि धुळीचा जाड थर बसला होता, आणि पुढच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट गाडीला नव्हताच. डिझेल वाचावे म्हणून आधीच्या मालकाने तो कधीतरी काढून ठेवला होता. दिवा लागत होता, कारण ट्रान्सफर केसची मोटार तिचे काम नीट करत होती. पण ताकद पुढे नेणारा दुवाच नव्हता.

जुन्या फोर बाय फोरची तुलना करताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ इथे आहे. आपण जिप्सी की थार, स्कॉर्पिओ की सफारी असा वाद घालतो आणि समोर उभी असलेली गाडी नीट पाहत नाही. दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या दोन गाड्यांमध्ये मॉडेलच्या फरकापेक्षा मालकांच्या हातांचा फरक मोठा असतो. चांगली सांभाळलेली साधी गाडी ही हेळसांड झालेल्या भारी गाडीपेक्षा शेतातही आणि शहरातही जास्त काम देते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

नावापेक्षा यंत्रणा पाहा

तरीही मॉडेलचा फरक बिनमहत्त्वाचा नाही. तो कुठे पाहायचा एवढेच कळायला हवे. १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी सुमारे एक टनाची, पेट्रोलवर चालणारी, पुढे-मागे सलग एक्सल आणि पाटे असलेली गाडी आहे. वजन कमी असल्यामुळे ती भुसभुशीत जागेत कमी रुतते आणि रुतली तरी चार माणसे ढकलून काढतात. मात्र बहुतेक जुन्या जिप्सींना पॉवर स्टिअरिंग नाही आणि कंपनीचा एसी नाही. मे महिन्यात दुपारी तीन वाजता सोलापुरातल्या सात रस्ता चौकातून मुलांना शाळेतून आणायचे असेल, तर हा विचार आधी करावा.

२०१० ची थार सीआरडीई (कॉमन रेल इंजिनाची) ही डिझेल गाडी असून तिचा जोर चांगला आहे, पण कापडी छतातून धूळ आणि ऊन दोन्ही आत येतात आणि मागची बैठक समोरासमोरची आहे. २०१५ च्या बदलानंतर तिच्या मागच्या डिफरन्शियलला (एक्सलमधला, दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा गोळा) दोन्ही चाके एकत्र फिरवणारे यांत्रिक लॉक मिळाले, त्यामुळे २०१४ ची थार आणि २०१६ ची थार या एकाच भावात तोलू नयेत. १९९८ मध्ये आलेली टाटा सफारी आणि त्यानंतरची स्कॉर्पिओ फोर बाय फोर या पुण्याच्या अडीचशे किलोमीटरच्या प्रवासाला कितीतरी सुखाच्या आहेत; त्यांचे वजन मात्र शेतात लगेच जाणवते. फोर्स गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक मिळते. खडकाळ ओढ्यात तिच्यासारखी गाडी नाही, पण रोजच्या वापरात ती कष्टाची वाटते.

एकाच नावाखाली दोन वेगळ्या यंत्रणा असू शकतात, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. २००९ ची फॉर्च्युनर चारही चाकांना कायम ताकद देणारी होती आणि तिच्यात पुढच्या आणि मागच्या एक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे मधले डिफरन्शियल होते. २०१६ नंतरच्या पिढीत गरजेपुरती जोडली जाणारी यंत्रणा आली. डस्टरच्या एडब्ल्यूडी (चारही चाकांना ताकद देणाऱ्या) प्रकारात लो गिअर, म्हणजे वेग कमी करून चाकांचा जोर वाढवणारा गिअर, नाही. पावसाळी डांबरी रस्ता आणि मुरमाची पाणंद एवढीच गरज असेल तर ती पुरते. ओढ्यात उतरून पुन्हा चढायचे असेल तर पुरत नाही.

काळ्या मातीबद्दलचा गैरसमज

डोंगरातल्या गाड्यांचे व्हिडिओ पाहून सोलापूरच्या गाडीची निवड करणे, ही आपल्याकडची सर्वांत मोठी चूक आहे. आपल्या जिल्ह्यात गाडीची परीक्षा दगड घेत नाही, काळी माती घेते. मंगळवेढा, मोहोळ किंवा बार्शीच्या शिवारात मृगाचा पहिला पाऊस झाला की ही माती फुगते आणि टायरला अशी चिकटते की पन्नास फुटांत टायरच्या सगळ्या खाचा बुजतात. त्यानंतर चारही चाके फिरत असली तरी ती गुळगुळीत गोटे बनलेली असतात. माती मडगार्डात भरते, चाक फिरायलाही जागा राहत नाही, आणि मालक एक्सलरेटर दाबत राहतो तसतशी गाडी डिफरन्शियलवर टेकते. डिफरन्शियल एकदा जमिनीला टेकले की फोर बाय फोरचा काही उपयोग उरत नाही. मग ट्रॅक्टरच लागतो.

म्हणून शेतकऱ्याला जो शब्द पाठ असतो तोच गाडीवाल्यानेही पाळावा. वाफसा आल्याशिवाय रानात गाडी घालू नये. मूठभर माती दाबून सोडल्यावर ती बोटांना न चिकटता फुटली, तर गाडी जाईल. लाडू होऊन चिकटली, तर बांधावर गाडी लावून चालत जावे. जाणे भागच असेल तर टायरमधली हवा कमी करावी. रस्त्यावर बत्तीस पौंड ठेवत असाल तर चिखलात अठरा-वीसपर्यंत उतरवावी, म्हणजे टायरचा जमिनीला टेकलेला भाग लांबतो. मात्र डांबरावर परत आल्याबरोबर हवा भरावी लागते, त्यामुळे बॅटरीवर चालणारा छोटा पंप गाडीत नसेल तर हवा सोडूच नये. कमी हवेत वेगाने गेल्यास टायरची बाजू तापून फाटते.

टायरच्या निवडीतही हीच गल्लत होते. रुंद, मोठ्या खाचांचे टायर दिसायला देखणे असतात, पण पुणे महामार्गावर ते गुणगुणतात, ब्रेक लागायला वेळ घेतात आणि डिझेल जास्त खातात. ज्याचा नव्वद टक्के प्रवास डांबरावर आहे त्याने ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे, टायर घ्यावेत. आपल्याकडच्या माळावर आणि ओढ्याकाठी वेडी बाभूळ सर्वत्र पसरली आहे. तिचा काटा टायरच्या तळव्यात घुसला तर पंक्चर काढता येते, बाजूच्या भिंतीत घुसला तर टायर गेला असे समजावे. म्हणून स्टेपनी चांगली आणि त्याच मापाची असणे हा शौक नसून गरज आहे. जुन्या टायरवर चार आकडी मोहोर असते, त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. खाचा शाबूत असल्या तरी सात-आठ वर्षांचा टायर सोलापूरच्या उन्हात कडक होऊन भेगाळतो.

कोरड्या डांबरावर फोर व्हील

जिप्सी, थार, स्कॉर्पिओ, सफारी यांच्यात मधले डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठा फेरा घेतात. मुरमावर किंवा चिखलात हा फरक चाक घसरून निघून जातो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, त्यामुळे ताण शाफ्ट, त्याचे सांधे असलेले क्रॉस आणि ट्रान्सफर केसमध्ये साठत जातो. पाऊस आहे म्हणून तुळजापूरच्या घाटात अख्खा रस्ता फोर हायमध्ये (चारही चाकांना ताकद, पण नेहमीच्या गिअरमध्ये) चालवणारे लोक मला भेटले आहेत. पावसाचे पाणी सतत वाहत असेल तोवर फारसे बिघडत नाही, पण रस्ता कोरडा झाल्यावर लीव्हर मागे घेतला नाही, तर वळणावर गाडी अडखळते आणि टायर किंचाळतात. हा आवाज म्हणजे इशारा आहे.

याच कारणामुळे पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर ठेवू नयेत. दोन्हींचा घेर वेगळा असल्याने सरळ रस्त्यावरही ताण साठतो.

याच्या उलट चूक म्हणजे वर्षानुवर्षे फोर व्हील कधीच न लावणे. विजेच्या मोटारीवर चालणारी यंत्रणा न वापरल्याने जाम होते, हबमधले ग्रीस घट्ट होते आणि नेमक्या वेळी दिवा लुकलुकत राहतो. महिन्यातून एकदा मुरमाच्या सरळ रस्त्यावर किलोमीटरभर फोर हाय आणि थोडे अंतर फोर लो (चारही चाके आणि लो गिअर) लावावे. ज्या जिप्सींना पुढची चाके एक्सलला जोडणारे, हाताने फिरवायचे हब आहेत त्यांचे दोन्ही हब लॉक करूनच लीव्हर ओढावा. एकच हब लॉक असेल तर पुढची चाके ओढत नाहीत आणि दोष मात्र ट्रान्सफर केसला दिला जातो.

खरेदीच्या वेळी तपासणीही याच पद्धतीने करता येते. मोकळ्या मुरमावर फोर लो लावून, स्टिअरिंग पूर्ण वळवून, क्लच हळू सोडावा. गाडी वळताना जड झाली आणि अडखळली तर पुढची चाके खरोखर ओढत आहेत. ती टू व्हीलमध्ये वळते तितक्याच सहजपणे वळली, तर खाली वाकून शाफ्ट आहे की नाही ते पाहावे. सलग एक्सलच्या जिप्सीत पुढच्या चाकामागच्या गोल नकलवर, म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्यावर, तेल पसरलेले असेल, किंवा साठच्या आसपास स्टिअरिंग थरथरत असेल, तर सील आणि किंगपिनच्या बेअरिंगचा खर्च गृहीत धरूनच भाव करावा.

उन्हाळा, रेडिएटर आणि थर्मोस्टॅट

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर जातो. लो गिअरमध्ये सावकाश चालताना इंजिन खूप फिरते, पण समोरून वारा येत नाही. गाडी गार ठेवण्याची सगळी जबाबदारी पंख्यावर असते. डिझेल गाड्यांच्या पंख्याचा व्हिस्कस क्लच (तापल्यावर पंखा इंजिनाशी घट्ट जोडणारा भाग) सैल झाला असेल तर महामार्गावर तापमान ठीक दिसते आणि शेतात काटा चढतो. लक्षणांमधला हा फरक सांगितला तर चांगला मेस्त्री लगेच ओळखतो.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढूनच टाकण्याची सवय आपल्याकडे रूढ आहे, आणि तिच्याविषयी मला कळकळीने सांगायचे आहे: तसे करू देऊ नका. थर्मोस्टॅट नसेल तर महामार्गावर इंजिन योग्य तापमानाला येतच नाही, डिझेल जास्त जाते, झीज वाढते आणि मूळ दोष झाकला जातो. तो दोष बहुतेक वेळा रेडिएटरमध्ये असतो. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे घातल्याने आत चुन्याचा थर बसतो आणि बाहेरच्या जाळीत ज्वारीचे भूस व गवताचे बी अडकते. कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळावे आणि जाळी आतून बाहेरच्या दिशेने, हलक्या धारेने धुवावी.

पाण्यातून गेल्यावर

भीमा आणि सीनेकाठच्या ओढ्यांतून गाडी नेणाऱ्यांची एक चूक उशिरा लक्षात येते. तापलेला एक्सल एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते. ब्रीदरची, म्हणजे एक्सलमधल्या हवेला वाट देणारी, नळी तुटलेली किंवा बुजलेली असेल, तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. दोन दिवसांनी डिफरन्शियलचा बोल्ट थोडा सैल करून तेल पाहावे. ते दुधाळ चहासारखे दिसले तर लगेच बदलावे. तसेच चालवले तर बेअरिंगला गंज धरतो. सुधारणा म्हणून मोठे टायर आणि दिवे लावणारे अनेक जण भेटतात, पण दोन-तीनशे रुपयांची नळी वर उचलून बांधणारा क्वचितच भेटतो.

सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात माळढोक पक्षी अभयारण्य आहे. माळढोक जमिनीवरच अंडे घालतो. तिथला माळ मोकळा आणि मोहात पाडणारा दिसला तरी त्यावर गाडी घालू नये; हा कायद्याचा प्रश्न आहेच, आणि त्या पक्ष्यासाठी जगण्याचा.

कागदपत्रे

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी पासिंग करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले, आणि पर्यावरण कर वेगळा. चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळते त्यामागे बरेचदा हेच कारण असते. इंजिन बदललेले असेल तर त्याची नोंद आरसीवर आहे का, हे गाडीवरच्या चासी आणि इंजिन नंबरवरची धूळ पुसून, ते आरसीशी ताडून स्वतः पाहावे. पुढच्या बंपरवर बसवायच्या लोखंडी बुलबारवर २०१७ पासून बंदी आहे. त्यामुळे पासिंग अडते.

लीव्हर अडकल्यावर

चिखलातून बाहेर आल्यावर लीव्हर फोर लोमधून निघत नाही, ही नव्या मालकाची नेहमीची तक्रार असते. अशा वेळी जोर लावून ओढू नये. साठलेल्या ताणाने गिअरचे दात एकमेकांत घट्ट बसलेले असतात. स्टिअरिंग सरळ करून गाडी दहा-पंधरा फूट मागे घ्यावी, थांबवावी, न्यूट्रल करून क्लच पूर्ण दाबावा आणि मग लीव्हर हलवावा. विजेच्या बटणाच्या गाडीत हेच करून काही सेकंद थांबावे, कारण मोटारीला तिचा वेळ लागतो. शक्य असल्यास पुढची दोन्ही चाके मुरमावर आणावीत. एवढे करूनही लीव्हर निघाला नाही, तर पुढचा शाफ्ट उघडून गाडी टू व्हीलवर हळू गॅरेजपर्यंत न्यावी. थोड्या बोल्टचे काम आहे, आणि त्या मापाचा पाना गाडीत कायम असावा.